आबांच्या गाऊटला गुळवेलीचा काढा चालेल का?

यावलची सून:
आमच्या आबांच्या (सासरे, केळीची शेती) उजव्या पायाचा अंगठा मध्यरात्री टम्म सुजतो, लाल होतो, गोधडी लागली तरी कळ जाते. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड 9.1 आलं, गाऊट निघाला. डॉक्टरांनी ते कमी करायला अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिलं, पण आबा म्हणतात, ती गोळी जन्माची मागे लागते. बांधावरच्या निंबावरची गुळवेल उकळून द्यायचं चाललंय. बाजारातून एकाने चूर्णाची पुडीही दिली, तिने एका रात्रीत सूज उतरली. तूरडाळ बंद केलीय. बरोबर करतोय ना?

चोपड्याचा भाऊ:
निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधा. आईच्या गुडघ्यांना गुण आला होता.

औषधवाले काका, जळगाव:
भाऊ, गुडघ्याच्या झिजेचं दुखणं वेगळं. गाऊटचा सांधा आधीच तापलेला असतो, त्याला बर्फाचा शेक बरा.

ताई, मला सगळ्यात काळजी त्या पुडीची वाटते. जडीबुटी एका रात्रीत अशी सूज उतरवत नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं. मग भूक वाढते, चेहरा सुजतो, साखर चढते. पुडी डॉक्टरांना दाखवा. बरेच दिवस चालू असेल तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय एकदम तोडू नका.

गाऊटवर खरोखर चालणारी वनस्पती म्हणजे सुरंजान. हकिमांच्या औषधातला काश्मीरकडचा कंद. त्याच्याच युरोपातल्या भाऊबंदातून 1820 मध्ये कोल्चिसिन वेगळं काढलं, आजही गाऊटचा झटका आला की डॉक्टर तेच देतात. 2010 च्या चाचणीत तासाभरात दिलेले 1.8 मिलिग्रॅम हे 4.8 मिलिग्रॅमइतकेच लागू पडले, जुलाब मात्र खूप कमी. इतक्या बारीक मापाचं औषध कंदाच्या चूर्णातून चिमटीने कसं द्यायचं? जास्त झालं तर जिवावर बेततं. ते गोळीतूनच घ्यावं.

गुळवेल वातरक्तावर (आयुर्वेदात गाऊटला हेच म्हणतात) पूर्वापार दिली जाते, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण गाऊटच्या रुग्णांवर तिची मोठी, नीट चाचणी झालेली नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, दुसरीच वेल असेल म्हणाले. मग बांधावरची वेल नेमकी कोणती, हे कोण सांगणार?

आबांना सांगा, काढ्याने ठणका कमी वाटला तरी सांध्यात साचलेले युरिक अ‍ॅसिडचे बारीक खडे तिथेच राहतात. युरिक अ‍ॅसिड 6 च्या खाली टिकलं तरच ते विरघळतात. अ‍ॅलोप्युरिनॉल थोड्या डोसाने सुरू करून रिपोर्ट बघत वाढवतात. सुरुवातीला झटके येऊ शकतात, म्हणून सोबत काही महिने कोल्चिसिन देतात. अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

आणि तूरडाळ कशाला बंद? 2004 साली छापलेल्या, 47 हजार पुरुषांच्या अभ्यासात मटण-मासळीने गाऊट वाढला, डाळी-भाज्यांनी नाही. दूधदुभत्याने तर कमी झाला. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ताक खुशाल द्या. दारू, त्यातही बिअर, बंद.

यावलची सून:
काका, आबांना बीपीचीही गोळी आहे. तिचा काही संबंध?

औषधवाले काका, जळगाव:
असू शकतो. पाकिटावर नावामागे 'एच' आहे का बघा. बहुधा ते हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, लघवी वाढवणारं, त्याने युरिक अ‍ॅसिड चढतं. स्वतःहून सोडायची नाही. दोन्ही पाकिटं आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, बदलून मिळते.

यावलची सून:
आहे 'एच'. उद्याच जातो.