मदत हवी आहे: पद्मिनीचं काम १४ महिन्यांपासून अडकलंय, हुरूप टिकेल अशी कामाची क्रमवारी सांगा

दहाबाराचा पाना

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८३, पेट्रोल. मुक्काम मुलुंड, सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग. आजची स्थिती:

इंजिन-गिअरबॉक्स बाहेर. ब्लॉक लेथवाल्याकडे बोअरिंगच्या (सिलिंडर आतून कापून मोठे करण्याच्या) रांगेत. चारही दारं, बोनेट, डिकी उतरवलेली. वायरिंग काढून गोणीत. पुढचं-मागचं सस्पेन्शन सुटं, बॉडी विटांच्या थरांवर. दोन्ही सिल (दारांखालच्या लांब पट्ट्या) आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून गेलेला. बाकी फ्लोअरला मागच्या दिवाळीत रेड ऑक्साइड मारला होता, त्याला आता तांबूस फोड आलेत.

रविवारी चार तास मिळतात, त्यातला एक तास सामान शोधण्यात जातो. तीन महिने गाडीला हात लागलेला नाही. घरी आणि कमिटीत एकच धोशा, 'भंगारात द्या.' एप्रिल संपत आलाय. पावसाआधी काय उरकावं आणि पुढे कोणत्या क्रमाने जावं? 'धीर धरा, होईल' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

काळीपिवळी

आधी विटा काढा. वीट सांगून फुटत नाही, एकदम फुटते, आणि तेव्हा माणूस खाली असतो. चार जॅक स्टँड आणा, प्रत्येकी किमान दोन टनांचे. स्टँड सिलखाली लावू नका, तिथे तुमच्याकडे पत्राच नाही. पुढे सस्पेन्शन जिथे बसतं तो जाड भाग आणि मागे पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर शाबूत असतील तर तिथे, मध्ये लाकडाचा ठोकळा घालून.

बाकीचं जाणकार सांगतील.

सॉलेक्स

तुमचा हुरूप गेलेला नाही, तुमचं सगळं एकाच वेळी उघडं आहे. इंजिन, पत्रा, वायरिंग, सस्पेन्शन, दारं. अशा अवस्थेत रविवारचे चार तास कुठेही घातले तरी गाडी काल होती तशीच दिसते. म्हणून एक नियम: आता नवीन एकही नट सोडायचा नाही. जे सुटं आहे त्यातलं एकेक बंद करत जायचं.

पहिलं बंद करायचं ते सस्पेन्शन. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली की ती ढकलता येते. पाणी साचलं तर हलवता येते, पत्रेवाल्याकडे टेम्पोत चढवता येते, आणि कमिटीला 'भंगार' म्हणणं जरा जड जातं.

पुढच्या कॉइल स्प्रिंगला कॉम्प्रेसर लावल्याशिवाय हात लावू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. विशबोनचे (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या आर्मचे) रबरी बुश नवीन घाला, पण त्यांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा. लटकत्या अवस्थेत आवळले की रबर पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मागच्या पाट्यांच्या बुशलाही हेच लागू. ब्रेकचे व्हील सिलिंडर याच टप्प्यात उघडा. आत बोटाला खड्डे लागले तर नुसतं किट घालून उपयोग नाही, सिलिंडर बदला किंवा स्लीव्ह (आत नवीन नळी) बसवून घ्या. नवीन रबर ब्रेक ऑइलनेच पुसायचं, पेट्रोलने फुगतं.

सामान शोधण्याचा तास वाचवायचा तर शेवटची वीस मिनिटं पाना खाली ठेवायचा. पुढच्या रविवारचं एकच काम ठरवून त्याचे भाग, नट-बोल्ट, लागणारे पाने एका क्रेटमध्ये ठेवा आणि काय विकत आणायचंय ते चिठ्ठीवर लिहा. खरेदी आठवड्यात उरका, ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याला. नागदेवीची नट-बोल्टची दुकानं रविवारी बंद असतात, आणि एका बोल्टपायी अख्खा रविवार वाया जातो. बोल्ट घेताना जुना सोबत न्या, पिच गेजने आट्यांमधलं अंतर (पिच) मोजा. १० एमएमचा म्हटलं की दुकानदार १.५ पिचचा काढून देतो. फियाटमध्ये (पद्मिनी मूळची फियाटच) बऱ्याच ठिकाणी १.२५ आहे. दोन आटे जातात, मग अडकतो, आणि जोर लावला की आतले आटे खलास.

पत्रा २० गेज

सॉलेक्स यांच्या क्रमाला पत्रेकामाच्या बाजूनेही कारण आहे. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. सिल म्हणजे तिचा कणा. बॉडी भलत्याच ठिकाणी टेकलेली असताना सिल कापून नवीन लावली तर ती वाकलेल्या आकारातच वेल्ड होते, आणि मग दार कधीच नीट लागत नाही.

क्रम असा. बॉडी सस्पेन्शनच्या जागांवर टेकलेली हवी. दाराच्या प्रत्येक चौकटीत २५ एमएमचा चौकोनी पाइप तिरका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टॅक करा (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडा). दोन्ही कर्ण टेपने मोजून आकडे मार्करने छतावर लिहा, कागद हरवतो. एका वेळी एकच बाजू कापा. नवीन सिल टॅक केल्यावर पाइप काढून दारं बिजागरीवर टांगून बघा. फट वर-खाली सारखी आली तरच पुढे वेल्डिंग.

पत्रा २० गेज सीआर (कोल्ड रोल्ड), म्हणजे साधारण ०.९ एमएम. मिग वेल्डिंग, ०.८ ची तार, दर इंच-सव्वा इंचावर एक टॅक, मग मधल्या जागा आलटून पालटून. सलग ओढलं की पत्रा तापून लाटा येतात. गॅस वेल्डिंगवाला स्वस्त पडेल, पण पातळ पत्र्यावर उष्णता फार पसरते आणि पुढे ते सगळं लांबीने (पुट्टीने) लपवावं लागतं. लांबी जाड झाली की मुंबईच्या दमटपणात दोन पावसाळ्यांत फुगून येते.

रेड ऑक्साइडबद्दल. तो सच्छिद्र असतो. वरून रंग नसेल तर हवेतलं पाणी पितो आणि खाली गंज चालू राहतो. फोड त्याचेच. पूर्ण काढा, वायर कपने चकचकीत पत्र्यापर्यंत, मग टू-पॅक एपॉक्सी प्रायमरचे दोन हात. फ्लोअर आणि इंजिन बेला (इंजिनाच्या खोबणीला) एक-दीड लिटर धरा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान ३ अंश जास्त हवं, म्हणून जुलैत हे काम करूच नये. मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून, तुमच्याकडे सहा रविवार आहेत. दोन्ही सिल त्यात बसणार नाहीत. फोड काढून एपॉक्सी आणि चाकं, एवढंच पावसाआधीचं. सिल ऑक्टोबरात. तोवर सिलच्या आत पातळ तेल फवारून ठेवा, वेल्डिंगआधी ते पूर्ण धुवावं लागेल.

गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आतून घाम येतो. सुती कव्हर टाका.

चौथा गिअर

माझं मत वेगळं. आधी इंजिन पूर्ण करून स्टँडवर सुरू करा. इंजिनाचा आवाज ऐकला की वर्षभराचा हुरूप मिळतो, पत्र्याने तो कधीच मिळत नाही.

सॉलेक्स

आवाजाचा मोह समजतो. पण ताज्या बोअरमध्ये रिंगा बसायला लोड लागतो. स्टँडवर बिनलोड तासन्‌तास फिरवलं तर सिलिंडरला गुळगुळीत चकाकी येते, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन कायम तेल खातं. वर ते वर्षभर पडून राहिलं तर रिंगांजवळ गंजाची रेघ. बॉडी इंजिन घ्यायला तयार झाल्यावरच असेंबल करा.

लेथवाल्याच्या रांगेबद्दल: ओव्हरसाइज पिस्टन हातात आलेत का? नसतील तर ब्लॉक परत आणा. मूळ बोअर ६८ एमएम. पुढचा माप बाजारात जे पिस्टन मिळतील त्यावर ठरतो, आणि बोअर प्रत्यक्ष पिस्टन मोजूनच करायचा असतो. आधी बोअर आणि मग पिस्टनचा शोध, हे उलटं चक्र आहे. आणलेल्या ब्लॉकला सगळीकडे तेल चोपडून पिशवीत बंद करा.

काळीपिवळी

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या, त्यांचं सामान अजून कुर्ल्यात फिरतंय. दारं, काचा, हँडल जरूर घ्या. सिलिंडर हेड घेताना जपून. बऱ्याच टॅक्स्या सीएनजीवर चालल्या, कोरड्या गॅसने व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) झिजून आत गेलेल्या असतात. पॉलिश केलेलं हेड दिसायला छान दिसतं.

फॉर्म २५

कोणी विचारलं नाही, पण सांगतो. एपॉक्सीआधी घासताना चेसिस नंबरवर ग्राइंडर फिरवू नका. आत्ताच पेन्सिलने ट्रेस काढा, फोटो काढा, वर टेप लावा. पासिंगला तोच नंबर बघतात. दुसरा ब्लॉक घेतलात तर इंजिन नंबर, आणि रंग बदललात तर रंग, आरसी बुकात नोंदवावा लागतो. आरसीची मुदत संपली असेल तर नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते, त्यासाठी ती आधी चालायला हवी. विंटेज नोंदणीला ५० वर्षं पूर्ण लागतात, ८३ ची गाडी त्यात बसत नाही.

दहाबाराचा पाना

पिस्टन नाहीत. ब्लॉक परत आणतो. पण जून ते सप्टेंबर काय करायचं? तेव्हाच सगळं थांबतं.

सॉलेक्स

पावसाळा टेबलावरच्या कामांचा. चार तासांत सुरू होऊन चार तासांतच संपणारी कामं घ्या.

कार्ब्युरेटर: जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब. खालचा फ्लँज (बुडाची सपाट कड) काचेवर एमरी पेपर ठेवून घासून बघा, सॉलेक्स कार्ब्युरेटरचा बहुतेक वेळा वाकलेला असतो आणि तिथूनच हवा ओढतो. मग आयडल कितीही फिरवा, बसत नाही. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि होज ई२० ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) चालणारेच घ्या, जुनं रबर मऊ होऊन सुटतं. डिस्ट्रिब्युटर एका रविवारी, वायपर मोटर दुसऱ्या, मीटर तिसऱ्या. प्रत्येक भाग पूर्ण झाला की पिशवीत बंद करून तारीख लिहा.

वायरिंग गोणीतून आजच काढा, घुशींना ते फार आवडतं. प्लायवूडवर खिळे ठोकून मूळ आकारात पसरा, प्रत्येक टोकाला कापडी टेपचं लेबल, मल्टिमीटरने एकेक वायर तपासा. तीन रविवार जातील. ऑक्टोबरात ते बोर्डवरून उचलून थेट गाडीत.

पत्रा २० गेज

ग्राइंडर चालवताना शेजारच्या गाड्यांच्या काचा झाका. ठिणगी काचेत रुतते आणि पुसून जात नाही. कमिटीशी भांडण बहुधा इथूनच सुरू होतं. आग विझवायचा सिलिंडर आणि ओलं पोतं जवळ ठेवा.

दहाबाराचा पाना

ठरलं. रविवारचा क्रेट: चार जॅक स्टँड, स्प्रिंग कॉम्प्रेसर, पुढच्या डाव्या बाजूचे बुश, पिच गेज. चेसिस नंबरचा ट्रेस आज रात्रीच काढतो. गोणी वर घरात आणली, घरचे बघताहेत.

काळीपिवळी

चाकांना लावायचे लाकडी ठोकळे राहिले. स्टिल्टला उतार असू शकतो.