अनुभव धागा: विद्यापीठात आपल्या भागातला लेखक बोलला तेव्हा

शिवाजी विद्यापीठात आपल्याकडच्या कथा-कादंबरीकारांची व्याख्यानं होतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, मान्यवरांची नावं येतात आणि लेखक काय बोलला तेवढंच राहून जातं. तुम्ही ऐकायला गेला असाल तर इथं लिहा. लेखकाचं नाव नाही दिलं तरी चालेल, तुमच्या मनात काय राहिलं ते सांगा.

करवीर तालुक्यातून
आमचं घरचं गुऱ्हाळ होतं. पुतण्या एम. ए. करतोय, त्याच्या आग्रहाखातर गेलो. विषय होता गुऱ्हाळावरची कथा. मला वाटलं, गरम गुळाचा वास आणि रात्रीचं चांदणं ऐकायला मिळणार. पण गृहस्थांनी सुरुवातच उचलीपासून, म्हणजे कामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांपासून केली. चुलवाणात चिपाडं सारणारा गडी अंगाची लाही होत असताना उठून का जात नाही? घेतलेली उचल फिटलेली नसते म्हणून. ती उचल कथेत आली नाही, तर तो तिथं का बसलाय हेच वाचकाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर आले. भेंडीचं पाणी घालून मळी कशी काढतात, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गुळव्या (गूळ करणारा कारागीर) बोटांनी गोळी कशी वळून बघतो, सगळं सांगितलं. काहील उतरवायची वेळ चुकली की गूळ नीट धरत नाही आणि मार्केट यार्डातल्या सौद्यात भाव पडतो. माझ्या थोरल्या भावानं जन्मभर हेच केलं. पोरं ते वहीत उतरवून घेत होती. भाऊ आज असता, तर हाताला धरून पहिल्या रांगेत बसवला असता.

चिखलीहून
२०१९ च्या महापुरानंतरची गोष्ट. पूर ज्यानं बघितला नाही त्यानं त्यावर लिहावं का, असं मी उठून विचारलं. सरांनी उलट मलाच विचारलं, पाणी आलं तेव्हा घरातलं पहिलं काय हलवलंत? मी म्हटलं, जनावरं. दावी सोडून सोनतळीच्या वाटेला लावली. सासूबाई मात्र म्हशीचं रेडकू पुढं गेल्याशिवाय उंबऱ्यातून हलेनात. सर खिशातनं कागद काढून लिहायला लागले आणि म्हणाले, ताई, हे तुम्हीच लिहा, मी वाचतो. लिहायला घेतलंय. चार पानं झालीत.

राजारामपुरी
सत्कार, प्रास्ताविक, परिचय, पुन्हा सत्कार. लेखकाच्या वाट्याला शेवटची थोडी मिनिटं आली. लांबच्या गावाहून आलेल्यांना शेवटची एस. टी. गाठायची होती, ते बिचारे भाषण अर्धवट टाकून उठले. फार वाईट वाटलं.

गारगोटी
मी शाळेत मराठी शिकवते. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. पण साहित्य अकादमी मिळवणारे आनंद यादव (१९९०) कागलचे आणि कृष्णात खोत (२०२३) पन्हाळा तालुक्यातले, हे सांगितलं की मुलं वेगळ्याच नजरेनं बघतात. कागल त्यांच्या एस. टी.च्या पाटीवर असतं ना! म्हणून दहावीच्या मुलींना घेऊन व्याख्यानाला गेले. एकीनं विचारलं, गावातली खरी माणसं कादंबरीत घातली तर भांडणं होत नाहीत का? लेखकांनी ते हसण्यावारी नेलं नाही. दोन माणसांचं एक पात्र करायचं, धंदा बदलायचा, पण ज्या जमिनीवरून वाद झाला तिचा बांध तसाच ठेवायचा, असं सविस्तर सांगितलं. मुलींनी परतीच्या गाडीत गल्लीतली दोन-दोन माणसं जोडून पात्रं करायला सुरुवात केली.

विद्यापीठातून, संशोधक विद्यार्थी
आयोजकांना हात जोडून एकच विनंती. प्रश्न चिठ्ठीवर मागवू नका. चिठ्ठ्या पुढच्या रांगेतून येतात आणि त्यात प्रश्नापेक्षा स्वतःचा अभ्यासच जास्त असतो. वरच्या चिखलीच्या ताईंनी चिठ्ठी लिहिली असती असं मला वाटत नाही. माइक आधी मागच्या रांगेत न्या.