सोरोयाच्या किनाऱ्यावरचं पांढरं: नजर की नुसती नजाकत?

वाळूतला_ब्रश (धागाकर्ता)
स्पॅनिश चित्रकार होआकिन सोरोयाचं 'समुद्रकाठची फेरी' हे १९०९ सालचं चित्र. त्यात घडत काहीच नाही. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या वाळूवरून चित्रकाराची बायको क्लोतिल्दे आणि थोरली मुलगी मारिया चालल्यात. एकीच्या हातात टोपी, दुसरीच्या हातात छत्री, वाऱ्यावर उडणारी डोक्यावरची झिरझिरीत जाळी. कॅनव्हास दोन मीटरच्या वर, पण आभाळाला त्यात जागा नाही. वर पाणी, खाली वाळू, बास.

आणि ते पांढरे कपडे! त्यांत निव्वळ पांढरा चमचाभर असेल-नसेल. ऊन पडलंय तिथे पिवळसर साय, सावलीत जांभळं आणि निळं, घेराशी वाळूचा तांबूसपणा चढलेला. लोक 'किती प्रसन्न' म्हणून पुढे सरकतात. मला मात्र हा माणूस नजरेचा फार कडक वाटतो. कापड पांढरं आहे हे ठाऊक असूनही दिसलं तेच लावलं. बोला.

खडूस_प्रेक्षक
साफ असहमत. १८९८ मध्ये स्पेनच्या हातून क्युबा गेलं, फिलिपिन्स गेलं, देश सुन्न झाला. त्या काळात इग्नासियो सुलोआगा हा दुसरा स्पॅनिश चित्रकार काळवंडलेला, रखरखीत स्पेन रंगवत होता. आणि हे साहेब बायकोच्या झग्यातल्या जांभळ्या छटा मोजत बसलेत. १९०९ मध्येच न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीत त्यांचं प्रदर्शन लागलं आणि महिनाभरात दीड लाखाहून जास्त लोक येऊन गेले. येणारच की. बिस्किटाच्या डब्यावर शोभेल असा समुद्र कोणाला नको असतो?

बांगडा_तिखलं
खडूसराव, त्याचं १८९४ चं चित्र पाहिलंत का? होडीच्या पोटात जखमी होऊन पडलेला कोवळा पोरगा आणि त्याला सावरणारे दोन म्हातारे कोळी. चित्राचं नाव मराठीत आणायचं तर 'आणि वर म्हणतात मासळी महाग!' हे वाक्य आमच्या बाजारात रोज ऐकतो. पाटीवर घासाघीस करणाऱ्याला तो पोरगा दिसत नाही, एवढंच.

खडूस_प्रेक्षक
अहो, हे तर माझ्याच बाजूने झालं! तिथे काळोख आहे म्हणून दुःख आहे. उजेड आला आणि दुःख पळालं.

वाळूतला_ब्रश
पळालं नाही. 'दुःखद वारसा', १८९९. भर उन्हातला समुद्र, लुळ्या पायांची, कुबड्यांवरची उघडी मुलं आणि त्यांना आंघोळीला उतरवणारा काळ्या झग्यातला ख्रिस्ती धर्मबंधू. एवढ्या निळ्यात तो एकटाच काळा उभा. ते ऊन काहीही झाकत नाही, उलट ज्या पाठीकडे आपण बघायचं टाळू तिच्यावरच पडतं. १९०० मध्ये पॅरिसला या चित्राला ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च बक्षीस, मिळालं.

खडूस_प्रेक्षक
आणि बक्षीस खिशात पडल्यावर? कुबड्या कुठे गेल्या? माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं त्याचं नंतरचं चित्र घ्या. ओल्या वाळूत तीन गुबगुबीत पोरं पालथी पडलीत, अंगावर पाणी चकाकतंय. छान आहे. पण छानच आहे.

बांगडा_तिखलं
१९०३ मध्ये बैल लावून होडी ओढणारे कोळी काढलेत त्याने. ते काय हवा खायला आले होते?

रंगाचा_डबा
चित्रकला शिकवण्यात हयात गेली म्हणून मधे तोंड घालते. व्हॅलेन्सियाचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. दिवस कलला की तिथे सूर्य जमिनीच्या बाजूने येतो, म्हणजे समुद्राकडे बघणाऱ्याच्या पाठीमागून. आपल्या कोकणात उलट. संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत आणि माणसं नुसती काळी आकृती. म्हणून आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या फोटोत चेहरे नसतात!

आता जांभळ्याचं. कलत्या सूर्याचा उजेड पिवळा असतो. तो जिथे पोचत नाही तिथे कापडावर आभाळाचा निळा पडतो आणि खालून वाळूचा ऊबदार रंग परततो. ही मिसळ म्हणजे सोरोयाची सावली. मी एकदा दोरीवरची चादर रंगवताना ट्यूबमधला पांढरा तसाच लावला. भिंतीला चुना फासल्यासारखं दिसलं. सावली बघायची सोडून मी 'चादर पांढरी असते' हे घोकत होते. कळवळा असो-नसो, एवढं बघता येणं फुकट मिळत नाही हो खडूसराव.

वाळूतला_ब्रश
ताई, हेच म्हणायचं होतं, मला जमलं नाही. शिवाय त्याचा सासरा फोटोग्राफर होता आणि तरुणपणी सोरोया त्याच्याच स्टुडिओत काम करायचा. आभाळ छाटून टाकणारी ती चौकट तिथून आली असावी, असा माझा अंदाज.

खडूस_प्रेक्षक
ताई, बघता येतं हे मान्य. पण काय बघायचं हेही चित्रकारच ठरवतो, आणि माझं भांडण त्या निवडीशी आहे. बाकी सावली राखाडीच असते. जांभळी वगैरे चित्रकारांचे लाड.

रंगाचा_डबा
उद्या चारनंतर पांढरा बनियन वाळत घाला. शेजारी राखाडी कागद धरा. मग बोलू.

खडूस_प्रेक्षक
घातला. कागदही धरला. बायको विचारत होती काय चाललंय. सावली निळसर जांभळी आहे. सोरोयाबद्दलचं मत तसंच.