छोट्या धंद्याला डेटा ॲनालिटिक्स झेपेल का? सुरुवात कुठून करू?

पुठ्ठा_आणि_दोरा
नमस्कार मंडळी. मी हाताने शिवलेल्या वह्या आणि डायऱ्या विकते, सगळं एकटीच बघते. ऑर्डरी काही मेसेजवर येतात, काही वेबसाइटवरून, काही ओळखीतून. नोंदी एक्सेलमध्ये आहेत, दर महिन्याची वेगळी शीट. पैसे यायचे असतील तर ती ओळ पिवळी करते. एका डॅशबोर्ड सॉफ्टवेअरची ट्रायल घेऊन फाइल चढवली, तर काहीच धड दिसेना. आता पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू का पॉवर बीआय हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर? की हे मोठ्या कंपन्यांचंच काम? मला एवढंच ठरवायचंय की कुठला माल बनवत राहायचा आणि कुठला बंद करायचा.

खतावणी
ताई, पायथन तूर्त राहू द्या, पॉवर बीआयही. तुमचं शेवटचं वाक्य हातात आहे ना, मग निम्मं काम झालं. छोट्या धंद्यांच्या नोंदी लावून देणं हेच माझं काम आहे, आणि बहुतेकांचं घोडं सॉफ्टवेअरपाशी नाही, नोंदींच्या मांडणीपाशी अडतं.

पिवळा म्हणजे बाकी, हे तुम्हाला ठाऊक. सॉफ्टवेअरला तो नुसता रंग. ‘वह्या ५, डायऱ्या २’ असं एकाच चौकटीत लिहिलं असेल तर त्याची बेरीज कशी करणार?

तेव्हा सगळे महिने एकाच शीटमध्ये आणा. एका ओळीत एकच वस्तू. एका ऑर्डरमध्ये दोन प्रकार असतील तर ओळी दोन, ऑर्डर क्रमांक तोच. कॉलम असे ठेवा: तारीख, ऑर्डर क्रमांक, ग्राहक क्रमांक, वस्तू, नग, रक्कम, सामानाचा खर्च, लागलेले तास, ऑर्डर कुठून आली, पैसे आले का. मर्ज केलेल्या चौकटी सुट्या करा, मध्येमध्ये घातलेल्या बेरजा काढून टाका. ‘डायरी’ आणि ‘डायऱ्या’ या एक्सेलच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू. म्हणून वस्तूचं नाव टाइप करूच नका, डेटा व्हॅलिडेशनने यादी लावा आणि त्यातून निवडा.

तारखाही तपासा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली आणि २०२० मध्ये तसे नियमही छापले, कारण ‘मार्च१’ असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकायचं!

मग पिव्हट टेबल, म्हणजे ओळी वस्तूवार गोळा करून बेरजा मांडणारं एक्सेलमधलंच साधन. वस्तू ओळींच्या खान्यात ओढा, रक्कम, खर्च आणि तास बेरजेच्या खान्यात. शेजारी साधं सूत्र: रकमेतून खर्च वजा, त्याला भागिले तास. तुम्ही एकट्या आहात, तुमच्याकडे सगळ्यात तुटपुंजी गोष्ट वेळ आहे. कुठली वस्तू सर्वाधिक खपते यापेक्षा कुठली वस्तू तासाला किती मिळवून देते, हे बघा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

हे गूगल शीट्समध्येही होतं आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही, तेही फुकट. १९७९ मध्ये ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क हे एक्सेलसारखं सॉफ्टवेअर ॲपल टू या कॉम्प्युटरवर आलं, तेव्हापासून एकट्या माणसाला आपला हिशेब स्वतः उलटसुलट करून बघता येतोय. ते हक्काने वापरा.

सर्व्हर_खोली
मांडणीचं पटलं, पण शीटवर फार विसंबू नका. एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ ओळी, जुन्या फॉरमॅटची फक्त ६५,५३६. त्या जुन्या फॉरमॅटमुळे २०२० मध्ये इंग्लंडमध्ये १५,८४१ कोविड रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले होते. एसक्यूएलाइट (एसक्यूएल भाषेवर चालणारा छोटा डेटाबेस) शिकून घ्या, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो.

रात्रपाळी
एवढं कशाला? फाइल एखाद्या एआय चॅटबॉटला द्या आणि सरळ विचारा.

खतावणी
@सर्व्हर_खोली, एकटीने शिवलेल्या वह्या एवढ्या ओळी भरतील तेव्हा एसक्यूएल शिकायला मीच सांगेन.

@रात्रपाळी, चॅटबॉट जरूर वापरावा, पण आधी ग्राहकांची नावं, फोन, पत्ते काढून. लोकांनी ते पार्सल पोचावं म्हणून दिलेत. आणि त्याच्याकडे आयतं उत्तर मागू नका, सूत्र मागा. सूत्र तपासता येतं. एकूण बेरीज पिव्हटशी जुळली तरच पुढचं खरं मानायचं.

पुठ्ठा_आणि_दोरा
खतावणीताई, सगळं एका शीटमध्ये आणलं. विक्रीत चामडी डायरी सगळ्यात वर, पण तासाच्या हिशेबात तळाला! खिशातल्या छोट्या वह्या पहिल्या. मग डायरी बंद करू ना?

खतावणी
वा, फार छान केलंत! पण बंद करायची घाई नको.

आधी डायरीच्या ऑर्डरी किती ते मोजा. मोजक्याच असतील तर एखादी मोठी ऑर्डर सगळी सरासरी फिरवते. सरासरीसोबत मीडियन काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येतो तो. दोहोंत बरंच अंतर निघालं तर ती मोठी ऑर्डर बाजूला ठेवून पुन्हा बघा. शिवाय प्रत्येक ऑर्डर एक ठिपका असा आलेख काढा. फ्रान्सिस ॲन्स्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच दिले होते. चौघांच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्या, आलेख काढले तर चार तऱ्हा. एकात तर एकटा लांबचा ठिपका सगळी रेषा ओढून धरतो.

दुसरं, ग्राहक क्रमांकावर पिव्हट लावा आणि प्रत्येकाची पहिली खरेदी कोणती ते पाहा. डायरी घेऊन आलेले लोक पुढे छोट्या वह्यांसाठी परत येत असतील, तर डायरी बंद केल्याने वह्यांचाही खप घसरेल. तसं दिसलं तर ती चालू ठेवा आणि किंमत वाढवा.

आणि तास घड्याळ लावून मोजलेत की अंदाजाने लिहिलेत? अंदाजाचे असतील तर पुढच्या काही डायऱ्या शिवताना सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा, चामडं कापण्याचा वेळ वेगळा. ते आकडे इथे टाका, मग ठरवू.