मानसिक आजार आणि मतदान : तुमचे अनुभव लिहा

कोलशेतकर
महापालिका निवडणुकीआधी आमच्या बिल्डिंगमध्ये स्लिपा वाटायला आलेल्या पोराने माझ्या भावाची स्लिप बाजूला काढली आणि आईला विचारलं, "काकू, यांचं मत चालत नाही ना?" भावाला स्किझोफ्रेनिया आहे, कित्येक वर्षं गोळ्या चालू आहेत आणि यादीत नावही आहे. आई गप्प बसली, ते मला जास्त लागलं.

म्हणून आधीच सांगून टाकतो. आजार आहे म्हणून मत जात नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950, कलम 16 : सक्षम न्यायालयाने मनोविकल म्हणून जाहीर केलं असेल तरच माणूस मतदार यादीसाठी अपात्र ठरतो. डॉक्टरांची फाईल किंवा शेजाऱ्यांचं मत त्यासाठी पुरत नाही.

तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा. पक्ष, उमेदवार आणि गोळ्यांचे डोस इथे नकोत.

ऐरोलीची अनु
मला पॅनिक अटॅक येतात. 20 मे 2024, लोकसभा. त्या दिवशीचा उकाडा सगळ्यांना आठवत असेल. रांग शाळेच्या जिन्यावर, आणि हलायचं नाव नाही. रांगेचं मला काही नाही हो, पण मोबाईल आत न्यायचा नाही हे डोक्यातच नव्हतं. हातात फोन असला की कधीही नवऱ्याला लावता येतो, एवढ्या भरवशावर मी ठाणे-वाशी लोकलमध्ये चढते. इथे फोन नवऱ्याकडे आणि नवरा गेटाबाहेर.

जिन्याच्या वळणावर हाताला मुंग्या आल्या, कानाला दडे बसले. पुढच्या आजींनी काही न विचारता मला पायरीवर बसवलं, आपली कापडी पिशवी माझ्या जागी ठेवली आणि मागच्याला दम दिला, "हिचा नंबर माझ्या मागेच आहे हां." मत देऊनच बाहेर आले. विधानसभेला सकाळी सातच्या ठोक्याला गेले, पुढे मोजकीच माणसं होती.

निवृत्त सिस्टर
मी मनोविकार वॉर्डात नोकरी केली, कुठे ते नको. दाखल असलेल्यांचा पेच वेगळाच असतो. त्याच कायद्याचं कलम 20 सांगतं की मनोरुग्णालयात उपचार घेतोय एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे नाव घरच्या पत्त्यावरच राहणार. महिनाभरासाठी आलेल्याला हे सोयीचं आहे. पण घरच्यांनी जागा बदलली, भेटायला येणं सोडलं, तर पेशंटचं नाव कुठल्या यादीत शोधायचं?

आमच्याकडे एक मावशी होत्या, पनवेलकडच्या. मतदान झालं की ड्युटीवर आलेल्या प्रत्येक सिस्टरचं बोट धरून शाई बघायच्या. "कुणाला दिलंस?" सांगितलं नाही की दिवसभर अबोला. चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. चेन्नईला किलपॉकच्या सरकारी मनोरुग्णालयात 2019 च्या लोकसभेला आवारातच केंद्र झालं आणि तिथल्या रुग्णांनी मतं दिली. ठरवलं तर होतं.

कळव्याचा तपासनीस
ओसीडी. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, या जातीचा. लोकसभा-विधानसभेला मशीनशेजारी व्हीव्हीपॅट असतं. काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते आणि खाली पडते. तुम्हाला वाटेल, तपासत बसणाऱ्या माणसाची चैनच की. कसली चैन! मी चिन्ह बघतो, नाव वाचतो, पुन्हा चिन्हाकडे वळतो तोवर चिठ्ठी गेलेली. मग दिवसभर एकच भुंगा : बघितलं ते खरंच बघितलं का? कुणाला विचारायची सोय नाही, फोटो काढता येत नाही, परत आत सोडत नाहीत.

जानेवारी 2026 ला महापालिकेला व्हीव्हीपॅट नव्हतंच. वर आमच्या प्रभागात चार जागा, चार मतं. मी आधीपासूनच धसका घेतला होता. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, चारही मतं झाली की लांब बीप वाजेल, तो ऐकायचा आणि बाहेर पडायचं, मागे वळायचं नाही. तेवढंच केलं. आणि गंमत बघा, चिठ्ठीच नाही म्हटल्यावर तपासणार काय? रात्री छान झोप लागली. (व्हीव्हीपॅट हवं की नको यात मला ओढू नका. तो वेगळा धागा काढा.)

सीवूड्स
माझ्यासाठी मतदानापेक्षा निकाल वाईट. बायपोलर आहे, झोप मोडली की माझी गाडी रुळावरून उतरलीच समजा. 4 जून 2024 च्या आधी रात्र रात्र एक्झिट पोल बघत बसले होते, पुढचं सांगत नाही. आता निकाल संध्याकाळी बहीण फोनवर एका वाक्यात सांगते.

नेरूळकर
सिस्टर, माझी ताई घराबाहेरच पडत नाही. तिला घरून मत देता येईल का?

निवृत्त सिस्टर
दाखला आहे का तिचा? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. 2024 ला 85 च्या पुढचे आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असलेले, यांना 12-ड अर्ज भरून घरून मतदान होतं. अर्ज अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, तिथेच लोक चुकतात. दाखल्याचं आत्ताच बघा, निवडणूक लागल्यावर धावपळ नको.

घोडबंदर रोड
डिप्रेशन. 20 नोव्हेंबर 2024, विधानसभा, बुधवारची सुट्टी. सुट्टी म्हणजे माझं अंथरूण. बायको सकाळी मत देऊन आली, काही बोलली नाही. दुपारी बोलली. साडेपाचला उठलो, आंघोळ केली, सहाला थोडा वेळ असताना आत शिरलो. गेट बंद झालं तेव्हा रांगेत शेवटचा मीच. अशा वेळी रांगेतल्यांना नंबराच्या चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून वाटायला सुरुवात करतात, मागून कुणी घुसू नये म्हणून. तर एक नंबर माझा! पुढचा गडी म्हणाला, "दादा, पहिले आलात, पण उभे चुकीच्या टोकाला राहिलात." हसलो. मत दिल्यावर बरं वाटलं का वगैरे विचारू नका, घरी येऊन परत आडवा झालो. पण आंघोळ झाली होती, ती बायकोने जमेला धरली.