दसरा काढताना सापडलेली वर्गणीची वही : जोडीनं केलेल्या लांबच्या सायकलवारीचे अनुभव लिहा

मांजराकाठ
घट बसायला चार दिवस राहिलेत. वाकळा धुऊन झाल्या, आज माळ्यावरची भांडी काढली तर घंगाळात एक दोनशेपानी वही. वर यांच्या अक्षरात 'मनाली-लेह वर्गणी २०१६'. भांडी तशीच राहिली नि मी पायरीवर बसून वही वाचत बसले. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या.

२०१६ म्हणजे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते वर्ष, सांगायला नको. आमच्या गावच्या पोरींना सातवीनंतरची शाळा सात किलोमीटरवर. निम्म्या पोरी तिथंच थांबायच्या. यांच्या डोक्यात आलं की आपण दोघं सायकलवर मनालीहून लेहला जायचं, लोकांनी किलोमीटरमागं पैसे बोलायचे, आणि त्यातून पोरींना सायकली घ्यायच्या. मला तोवर सायकल येत होती ती दळण आणण्याइतकी. उन्हाळाभर परळीकडचा घाट, मांजरसुंब्याचा घाट, पहाटे चारला उठून. बालाघाटाला लोक डोंगर कामून म्हणतात हे रोहतांग चढताना कळलं नाही मला.

पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, अकरा दिवस. सगळं लिहीत नाही, एवढंच लिहिते.

सरचूच्या पुढं गाटा लूप लागतात. एकवीस वळणं, डोंगराच्या अंगावर शेवया वाळत घातल्यासारखी. हे पुढं, मी मागं, बोलाचाली बंद. सकाळी हवेचा पंप कुणी बांधायचा राहिला यावरून. एका वळणावर दगडाचं उलीसं देऊळ नि पुढं पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. भरलेल्या. एक ट्रक तिथं बंद पडला, ड्रायव्हर मदत आणायला गेला, बर्फानं वाट बंद झाली आणि आजारी क्लिनर पाणी-पाणी करत तिथंच गेला, असं सांगतात. तेव्हापासून येणारा-जाणारा त्याला पाणी ठेवतो. मी बाटली काढली. हे तिथंच थांबलेले. म्हणाले, "पुढं पांगपर्यंत पाण्याचा भरवसा नाही. आणि घरी आई टँकरच्या रांगेत उभी आहे."

मी ठेवलीच.

मग यांनी आपली बाटली माझ्या कॅरिअरला लावली नि काही न बोलता पुढं गेले. त्यांच्याकडं दुसरी नव्हती हे मला वर नकी ला खिंडीत कळलं. तेव्हा मी लई बोलले त्यांना. सकाळपासूनचं सगळं.

आज वहीत त्या तारखेला खर्चाच्या बाजूला लिहिलेलं दिसलं : पाणी बाटली १, गाटा, देवाला.

तुमचेही असे जोडीचे अनुभव असतील. सायकलच पाहिजे असं नाही. लिहा.

परभणीचा_पोऱ्या
ताई एकच प्रश्न. बसायचं दुखत नाही का हो 🙏

मांजराकाठ
दुखतं. सात दिवसांनी दुखायचं बंद होतं कारण तिथं काही आहे हेच कळत नाही. फोमची चड्डी मिळते. ती दोरीवर वाळत घातलेली बघून सासूबाईंनी विचारलं होतं, ही कोणत्या दुखण्याची.

परभणीचा_पोऱ्या
😂😂 आमच्या आज्जीनं तर मधलं फोम कापून भांडे घासायला घेतलं असतं

डॉक्टर_रजेवर
अनुभव छान, पण कोणी वाचून उठून निघू नका. ३००० मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. जिस्पाहून निघून थेट सरचूला झोपायचं म्हणजे हजार मीटरची उडी आहे, बहुतेक लोक तिथंच आडवे होतात. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप नाही, म्हणजे त्या दिवशी वर जायचं नाही. वाढलं तर खाली. चालताना झोक जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर रात्र आहे, पाऊस आहे काही बघायचं नाही, खालीच. फिटनेसचा याच्याशी संबंध नाही, पैलवान गडी आधी पडतात कारण ते थांबत नाहीत.

मांजराकाठ
खरंय डॉक्टर. आम्ही जिस्पा-सरचूच्या मधे झिंगझिंगबारला एक रात्र तंबूत काढली होती, तरी सरचूला हे रात्रभर उठून बसलेले. मला काही नाही. याचा मी आजतागायत फायदा घेते.

माहूरची_लेक
आम्ही किनवटहून माहूरला सायकलवर गेलतो लग्नाच्या पहिल्या वर्षी, नवसाचं होतं. एकच सायकल. मी कॅरिअरवर. चढ आला की उतरायचं, उतार आला की बसायचं. शेवटच्या चढाला हे म्हणले तू चालव मी बसतो बघू कसं होतंय. दहा पावलं गेले न दोघंबी सागाच्या पाल्यात. रेणुकामायला जाऊन बांगड्या भरल्या तर हातभर खरचटलेलं, बांगडीवाली विचारू लागली नवरा मारतो का 😄 वर्गणी वगैरे काही नाही बाप्पा आमची, एक नारळ फक्त

खवा_भूमचा
रस्त्यात खायला काय होतं ते लिवा की. नुसत्या म्यागीवर कसं भागलं

मांजराकाठ
पहिल्या चार दिवसांच्या दशम्या घरनं नेलेल्या, शेंगदाण्याची चटणी नि कडक भाकरी. कडक भाकरी शेवटपर्यंत पुरली, लेहला पोचून बी दोन उरल्या. वर डाळ कुकरशिवाय शिजत नाही, पाणी लवकर उकळतं पण तेवढं तापत नाही. एका तंबूवाल्या बाईनं आमची भाकरी चहात बुडवून खाल्ली, म्हणली आमच्याकडंही असंच असतं.

सुशीला_विदाऊट_शेंगदाणे
दशम्या चार दिवस?? आमच्या दोन दिवसांत वास मारतात. धपाटे न्यायचे ना

खवा_भूमचा
धपाट्यात कांदा असंल तर एक दिवस बी टिकत न्हाई

सुशीला_विदाऊट_शेंगदाणे
कांदा कोण घालतं धपाट्यात

खवा_भूमचा
सगळा मराठवाडा घालतो ताई. तुमीच एकट्या न्हाईत घालत

औट्रमचा_ट्रकवाला
मी ट्रक चालवायचो, कन्नडच्या घाटात सायकलवाले दिसले की शिव्या द्यायचो. खरं सांगतो. लोड गाडी, पहिल्या गिअरला, मधे हे रंगीत टोप्यावाले. एकदा चाळीसगावकडून वर येताना एक म्हातारा-म्हातारी दोन सायकली ढकलत चाललेली, धुकं एवढं की बोनट दिसेना. मी त्यांच्या मागं गाडी ठेवून हॅझर्ड लावून माणूस चालतो त्या स्पीडनं वरपर्यंत आलो. माझ्यामागं ही रांग. सगळे हॉर्न मारून राह्यले. वर आल्यावर म्हातारीनं मला राजगिऱ्याचा लाडू दिला अन म्हातारा म्हणला डिझेलचे किती द्यायचे. तेव्हापासून शिव्या बंद. कमी केल्या.

निलंगा_राईस
सगळ्यांनी कौतुक केलंय म्हणून मी वाईट होतो. मनालीला जायचं भाडं, सायकली रेल्वेत टाकायच्या, तंबू, जाकिटं. तेवढ्या पैशात पोरींना सरळ सायकली घेऊन दिल्या असत्या ना? फिरायची हौस आपली आणि नाव पोरींचं, असं मला तरी वाटतं. राग नसावा.

मांजराकाठ
राग नाही. वही समोरच आहे. आमचा खर्च ५८ हजार, तो आमच्या खिशातला, वर्गणीतला एक रुपया नाही. जमले ७१,४००. दुकानदारानं नफा न लावता ४,२०० ला एक दिली, सतरा झाल्या. म्हणजे नुसता हिशेब केला तर घरी बसून तेरा झाल्या असत्या, एकाही खिंडीत न रडता. पण घरी बसून आम्ही ५८ हजार काढले असते का? नसते काढले. सोफा घेतला असता.

आणि हौस होती. ती नव्हती असं मी कुठं म्हणलंय.

निलंगा_राईस
हे आवडलं. मागं घेतो.

परभणीचा_पोऱ्या
सोफा घेतला का मग नंतर

मांजराकाठ
२०१९ ला.

पाटोदा_गुरुजी
जोडीनं लांबचा प्रवास म्हणलं की आमच्या भागात वेगळंच आठवतं. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला आमच्याकडं 'एक कोयता' म्हणतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, दसरा झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, म्हातारी, लेकरं, वर सरपणाची मोळी. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता.

सायकलीचं म्हणाल तर आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकासमधून मिळतात, चांगली योजना आहे, माझ्या शाळेतही मिळाल्या. त्यातली एक पोरगी दिवाळीनंतर आईबापासंगं गेली. आईचं बाळंतपण होतं, धाकटं सांभाळायला कोणी नाही. जाताना तिनं सायकल घरात आढ्याला टांगली, खाली ठेवली तर कुणी नेईल म्हणून. एप्रिलमध्ये आली तेव्हा टायर उंदरांनी खाल्लेले. मी म्हणलं टायर मी आणून देतो. म्हणली, सर, राहू द्या, पुढच्या वर्षी पुन्हा टांगायचीच आहे.

तुमचा धागा कडू केला. चालू द्या.

मांजराकाठ
गुरुजी कडू नाही. सतरातल्या तीन पोरी आमच्याही गेल्या होत्या तशाच. एक सायकल तर बापानं दुधाचे कॅन लावून घेतलेली मी स्वतः बघितली, डेअरीच्या रांगेत. तेव्हा गाडी थांबवून भांडले मी त्याच्याशी. तो म्हणला, "बाई, सकाळी दूध घालतो आन साडेनऊला लेकीला देतो, रोज पुसून." नंतर चौकशी केली, खरंच देत होता. पण मी माफी मागायला काही गेले नाही. ते राहूनच गेलं.

डॉक्टर_रजेवर
वहीत सगळ्यात मोठी वर्गणी कुणाची?

मांजराकाठ
मोठी एका अडत दुकानदाराची, ५,०००, नाव लिहू नका म्हणले होते. पण मला आवडते ती वेगळीच नोंद. पांगला लष्कराचा तळ आहे. आम्ही रस्त्याकडंला सायकल आडवी घालून भांडत होतो, चेन कुणी साफ करायची यावर, मराठीत, मोठ्यानं. मागून आवाज आला, "लातूरकडचे का?" जवान होता, उदगीरचा. आधी पोट धरून हसला. मग गावाकडं पाऊस झाला का विचारलं. आम्ही निघालो तोवर काही खास नव्हता, तसं सांगितलं. गप झाला. गरम पाणी दिलं, चेनला तेल दिलं, आणि पाचशेची नोट. म्हणला माझ्या बहिणीची शाळा अशीच सुटली. वहीत लिहिलंय 'उदगीरचा जवान, पांग, ५००'. नाव विचारायचं आम्हाला सुचलं नाही. मोरे मैदानाचा लांबलचक सपाट रस्ता आम्ही त्या दिवशी एका शब्दानं न भांडता कापला, वारं तोंडावर असून.

मावळतीचं_माळवद
यांची सायकल अजून माळवदावर आहे. हिरवी, घंटी असलेली. धाराशिव-तुळजापूर पुनवेला जायचो, घाटात हे उतरून माझी बी ढकलायचे, दोन हातात दोन सायकली. पाच वर्षं झाली जाऊन. नातू म्हणतो भंगारात देऊ. मी नाही म्हणते. बास एवढंच.

माहूरची_लेक
मावशी नका देऊ. घंटीला तेल सोडत जावा

औट्रमचा_ट्रकवाला
मावशी तुळजापूरकडं आलो की टायरात हवा भरून देतो. पत्ता इथं टाकू नका

परभणीचा_पोऱ्या
वहीत कुणाची बाकी राहिली का? व्याजासकट वसूल करू 😎

मांजराकाठ
आहे की! आमचे एक चुलत सासरे. त्यांनी किलोमीटरला पाच रुपये बोलले होते, पण फक्त चढाचे. "उताराला पायडल मारायचं नसतं, त्याचे पैसे कामून देऊ?" परत आल्यावर चढ किती नि उतार किती यावरून वाद, तो दिवाळीपर्यंत चालला, मग मागं पडला. वहीत त्यांच्या नावापुढं प्रश्नचिन्ह आहे.

सुशीला_विदाऊट_शेंगदाणे
😂 बरोबरच आहे त्यांचं. आत्ता फोन लावा

खवा_भूमचा
लावाच

मांजराकाठ
लावला. आता ब्याऐंशी वय. फोन स्पीकरवर, हे शेजारी बसलेले. म्हणले, "रोहतांग उतरताना तूच फोन केल्तास, काका आता नुसता उतार आहे म्हणून. ते कोकसरपर्यंतचं वजा केलंस का?" मी म्हणलं नाही. "मग कर. तांगलांग लाच्या पलीकडचं बी कर. आकडा घेऊन दसऱ्याला सोनं द्यायला ये, मग बघू."

हे नकाशा काढून बसलेत. भांडी अजून अंगणातच आहेत.

सुशीला_विदाऊट_शेंगदाणे
ताई तेवढं दशम्यांचं राहिलं. पीठ निव्वळ दुधात मळता की पाणी पण घालता? आणि गूळ?