वंध्यत्वाच्या रिपोर्टमधले शब्द: नेमका अर्थ काय?

प्रश्न: बहिणीच्या फाइलवर ‘प्रायमरी इन्फर्टिलिटी, लो एएमएच’ आणि भावोजींच्या रिपोर्टवर ‘टेराटोझूस्पर्मिया’ असं लिहिलंय. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘आता मूल होणं नाही’ असा लावलाय. खरंच तसं आहे का?

उत्तर: यातल्या एकाही शब्दाचा तसा अर्थ होत नाही. ‘प्रायमरी’ म्हणजे आधी कधीच दिवस गेलेले नाहीत. पूर्वी गेले असतील आणि आता जात नसतील तर ‘सेकंडरी’. वंध्यत्वाची वैद्यकीय व्याख्या काळावर बेतलेली आहे: गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवूनही 12 महिन्यांत गर्भधारणा न होणं. पुढे होणारच नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. (बाईचं वय 35च्या वर असेल तर तपासण्या 6 महिन्यांनीच सुरू करतात.)

आपल्या बोलीतले शब्द मात्र निवाडा देऊनच येतात. ‘वांझ’ फक्त बाईला चिकटतो, आणि पुरुषाला ‘नपुंसक’ म्हणतात, ते तर साफ चुकीचं आहे. नपुंसकत्व म्हणजे संबंधाच्या वेळी ताठरता न येणं. शुक्राणूंचा प्रश्न निराळा. संबंधात कसलीही अडचण नसलेल्या पुरुषाच्या वीर्यातही एकही शुक्राणू नसू शकतो; त्याला ‘अझूस्पर्मिया’ म्हणतात. ‘वांझ’ आणि ‘नपुंसक’ हे दोन्ही शब्द घरात कुणी वापरत असेल तर तुम्ही जरूर थांबवा.

आता ‘टेराटो’. हा शब्द शुक्राणूंच्या आकाराबद्दल आहे, होणाऱ्या बाळाबद्दल नाही. बाळात व्यंग येईल अशी धास्ती अनेक जण यावरून घेतात, म्हणून हे ठासून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या पुस्तिकेत योग्य आकाराच्या शुक्राणूंची खालची मर्यादा 4 टक्के आहे. म्हणजे शंभरातले 96 बेढब असले तरी रिपोर्ट नॉर्मलच! भावोजींचा आकडा 3 असेल आणि संख्या व हालचाल चांगली असेल, तर चित्र बरंच वेगळं दिसतं. ‘ऑलिगो’ म्हणजे संख्या कमी, ‘अस्थेनो’ म्हणजे हालचाल कमी. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, मधे जोराचा ताप येऊन गेला तरी रिपोर्ट बिघडतो. एकाच तपासणीवर विसंबू नका.

एएमएच हे संप्रेरक बीजांडकोशातल्या लहान फॉलिकलमध्ये (बीज वाढतं त्या पिशव्यांमध्ये) तयार होतं. त्यावरून बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो, आणि आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) इंजेक्शनांना बीजांडकोश कसा प्रतिसाद देईल हेही कळतं. बीजांचा दर्जा मुख्यतः वयावर अवलंबून असतो. आपोआप दिवस राहतील की नाही, हे एएमएचवरून सांगता येत नाही.

दुसरं उत्तर: वरच्या उत्तरात ‘फॉलिकल’ आलं म्हणून लिहिते. सोनोग्राफीनंतर ‘अंडं 18 मिलिमीटरचं झालंय’ असं सर्रास बोललं जातं. ते माप बीज ज्या द्रवाने भरलेल्या पिशवीत वाढतं तिचं असतं. खुद्द बीज जेमतेम 0.1 मिलिमीटरचं, सोनोग्राफीत दिसतच नाही. हा फरक माहीत नसला की आयव्हीएफमध्ये फार मनस्ताप होतो. दहा फॉलिकल दिसली आणि सहाच बीजं मिळाली, तर ‘चार कुठे गेली?’ असं वाटतं. प्रत्येक पिशवीतून बीज हाती येतंच असं नाही. पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारात बीजांडकोशात दिसणाऱ्या ‘गाठी’ही अशाच अर्धवट वाढलेल्या पिशव्या असतात, त्या काढून टाकायच्या नसतात.

प्रश्न: दोघांचेही आभार. डॉक्टर पुढे आययूआय म्हणालेत. ते आणि टेस्ट ट्यूब बेबी एकच का?

उत्तर: नाही. आययूआयमध्ये वीर्यातले चांगले हलणारे शुक्राणू निवडून बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. फलन शरीरातच होतं, म्हणून निदान एक गर्भनलिका मोकळी लागते. ते बघायला आधी एचएसजी हा एक्स-रे काढतात. टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे आयव्हीएफ. त्यात बीज बाहेर काढून फलन प्रयोगशाळेत करतात, तेही परीक्षानळीत नव्हे, पसरट बशीत. एचएसजी झाली नसेल तर आययूआय ठरवण्याआधी तेवढं विचारून घ्या.